जठरातली साधी गाठ : काढावी, की नजर ठेवावी?

कर्जत किंवा खोपोलीत ‘पोटात जळजळतं, दोन घास खाल्ले की पोट भरतं’ अशी तक्रार घेऊन डॉक्टरांकडे गेलेल्या बहुतेकांना पित्ताची गोळी मिळते आणि तेवढ्यावर भागतं. ज्यांचं भागत नाही त्यांना दुर्बिणीची तपासणी, म्हणजे स्कोप, करायला सांगतात. त्यातल्या फार थोड्यांच्या कागदावर एक अनपेक्षित ओळ येते : जठराच्या भिंतीत गाठ, वरचं अस्तर शाबूत. घरी गेल्यावर त्या ओळीचा अर्थ एकच लावला जातो. प्रत्यक्षात यातल्या बऱ्याच गाठी कॅन्सरच्या नसतात आणि काही कधी होणारही नसतात. उरलेल्या काहींचं पुढं काय होईल हे मात्र कुठलाच पॅथॉलॉजिस्ट छातीठोकपणे सांगत नाही. या गाठींबद्दलचं वैद्यकीय मत गेल्या चाळीस वर्षांत बरंच फिरलं. ते आज कुठं आलंय, एकमत कशावर आहे, मतभेद कशावर, आणि रायगडच्या घाटाकडच्या कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतल्या रुग्णाला त्यातलं काय लागू पडतं, ते इथं पाहायचं आहे.

गाठी कोणत्या?

ढोबळमानानं दोन वर्ग. पहिला अस्तरातूनच उगवणाऱ्या पॉलिपचा. अमेरिकेत एक लाखाहून अधिक स्कोपचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ६ टक्के लोकांत पॉलिप सापडले आणि त्यातले तीन चतुर्थांश ‘फंडिक ग्लँड’ प्रकारचे, म्हणजे जवळजवळ निरुपद्रवी होते. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल जातीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत हे पॉलिप जास्त दिसतात. आपल्याकडे या गोळ्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय स्ट्रिपच्या स्ट्रिप नेल्या जातात, हे जाता जाता लक्षात घ्यावं. दुसरे हायपरप्लास्टिक पॉलिप. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूनं सुजवलेल्या जठरात ते येतात आणि जंतूवर औषध दिलं की अनेकदा विरतात. तिसरा अडेनोमा. तो दुर्मीळ, पण कॅन्सरच्या वाटेवरचा. तो काढायचा, यावर दुमत नाही. पॉलिपचं प्रकरण इथंच मिटतं.

वाद आहे तो दुसऱ्या वर्गाचा. या गाठी अस्तराखाली, भिंतीच्या आत असतात. स्कोपमधून पाहिलं तर गोधडीखाली कैरी ठेवावी तसा फुगवटा दिसतो : वरचं कापड अखंड, आत काय आहे ते कळत नाही. स्वीडनमध्ये सुमारे पंधरा हजार स्कोपचा एक अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे फुगवटे साधारण तीनशे स्कोपमागे एक या प्रमाणात आढळले होते.

आत काय काय असू शकतं? स्नायूची लायोमायोमा, जी बहुधा अन्ननलिका जठराला मिळते त्या तोंडाशी सापडते. चरबीची लायपोमा. ती चिमट्यानं दाबली की खड्डा पडतो आणि सोडल्यावर भरून येतो. मज्जातंतूच्या आवरणापासून होणारी श्वानोमा. रक्तवाहिन्यांशी नातं असलेली, सहज रक्तस्राव होणारी ग्लोमस गाठ. वानेक यांनी १९४९ साली वर्णन केलेला दाहजन्य तंतुमय पॉलिप. गर्भावस्थेतच चुकीच्या जागी राहिलेला स्वादुपिंडाचा तुकडा. त्याच्या मधोमध बहुधा छोटा खळगा असतो. आणि या सगळ्यांसारखीच दिसणारी, पण स्वभावानं बेभरवशाची जिस्ट : गॅस्ट्रोइंटेस्टिनल स्ट्रोमल ट्यूमर. शरीरातल्या एकूण जिस्टपैकी निम्म्याहून अधिक जठरातच होतात.

कधी कधी गाठ ही गाठच नसते. किशोरवयीन मुलीच्या पोटात वरच्या बाजूला हाताला कडक गोळा लागतो, घरचे धास्तावतात, आणि स्कोपमध्ये निघतो तो गिळलेल्या केसांचा गोळा. तोही बहुधा शस्त्रक्रियेनंच काढावा लागतो. मात्र त्या मुलीला पुढं मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं नाही, तर तो पुन्हा होऊ शकतो.

नावं बदलत गेली

व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी २९ जानेवारी १८८१ रोजी जठराचा भाग काढून रुग्ण वाचवण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. तिथपासून शंभर वर्षं शल्यचिकित्सकांचा नियम सरळ होता : गाठ दिसली की काढा. काय होती ते नंतर काचपट्टीवर बघू. भिंतीतल्या बहुतेक गाठींना तेव्हा ‘लायोमायोमा’ म्हटलं जाई. त्यातल्या काही वर्षांनी यकृतात उगवत, आणि मग आधीचं निदान चुकलं असं मानलं जाई.

१९८३ मध्ये मझूर आणि क्लार्क यांनी दाखवून दिलं की यातल्या कित्येक गाठींत स्नायूच्या पेशींची लक्षणंच नाहीत. त्यांनी ‘स्ट्रोमल ट्यूमर’ हे नाव वापरलं. १९८८ मध्ये जठरातली श्वानोमा वेगळी ओळखली गेली. कलाटणी मिळाली ती १९९८ मध्ये. जपानच्या हिरोता आणि सहकाऱ्यांनी जिस्टमध्ये किट नावाच्या जनुकातला बिघाड शोधला. त्यामुळे सीडी-११७ या रंजकानं जिस्ट वेगळी काढता येऊ लागली. कपाटांतल्या जुन्या काचपट्ट्या पुन्हा रंगवल्या गेल्या आणि जठरातल्या ‘लायोमायोमां’पैकी बहुसंख्य जिस्ट निघाल्या. त्या काळातले जुने अहवाल आज वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

किटचा बिघाड कळल्यामुळे औषधही मिळालं. इमॅटिनिबची गोळी जिस्टवर चालते हे २००१ मध्ये दिसलं. हे औषध भारतात नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिवेक या नावानं महिन्याला एक लाखाच्या वर पडत होतं आणि भारतीय कंपन्यांचं तेच औषध सुमारे दहा हजारांच्या आत-बाहेर. पेटंटचा हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था एक पक्षकार होती. १ एप्रिल २०१३ रोजी निकाल नोव्हार्टिसच्या विरोधात लागला. साध्या गाठीच्या लेखात हे आलं, कारण लायोमायोमा आणि जिस्ट यांतला फरक आता उपचाराचा आणि पैशाचा झाला आहे. तो चुकला तर एका रुग्णाला नको असलेलं औषध मिळतं आणि दुसऱ्याला हवं असलेलं मिळत नाही.

आधी तुकडा, की थेट शस्त्रक्रिया?

नेहमीच्या स्कोपमध्ये चिमट्यानं घेतलेला तुकडा अस्तराचा येतो. अहवालात ‘सौम्य जठरदाह’ असं लिहिलेलं असतं आणि रुग्ण सुटकेचा श्वास टाकतो. पण गाठीपर्यंत कुणी पोचलेलंच नसतं. हा गैरसमज मोठ्या शहरांतही होतो.

आतलं पाहायचं साधन म्हणजे एन्डोसोनोग्राफी, टोकाला सोनोग्राफीचा शोधक बसवलेली दुर्बीण. तिच्यात जठराची भिंत पाच थरांची दिसते आणि गाठ कुठल्या थरात आहे ते कळतं. तिसऱ्या थरात पांढरीशुभ्र दिसली तर लायपोमा. तिला तुकड्याची गरज नाही. साध्या सीटी स्कॅनमध्येही चरबी ओळखू येते. चौथ्या, स्नायूच्या थरात काळपट दिसली की कोडं सुरू होतं : लायोमायोमा, श्वानोमा, ग्लोमस की जिस्ट? चारही गाठी या तपासणीत सारख्याच भासतात. निव्वळ चित्रावरून निदान करण्यात अनुभवी माणसंही चुकतात. जपानमध्ये यासाठी संगणकीय कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून पाहिली गेली आहे आणि सुरुवातीचे निष्कर्ष आशादायक आहेत. पण ते निवडक रुग्णालयांतल्या चित्रांवरचे आहेत.

इथं दोन मतप्रवाह आहेत. पहिला म्हणतो, दोन सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या गाठीचा आधी सुईनं तुकडा घ्या, मग ठरवा. युरोपच्या एन्डोस्कोपी संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना याच बाजूच्या आहेत. एन्डोसोनोग्राफीतून सुई घालणं किंवा अस्तराला छोटा छेद देऊन आतला तुकडा घेणं, दोन्ही त्यांनी सारखेच मान्य केले आहेत. श्वानोमा निघाली तर रुग्ण मोठ्या शस्त्रक्रियेतून वाचतो. श्वानोमा फसवी असते. तिच्या आसपासच्या लसीकाग्रंथी सुजलेल्या असतात, पेट स्कॅनमध्ये ती चमकते, आणि ‘पसरलेला कॅन्सर’ समजून अर्धं जठर काढल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

दुसरा प्रवाह शल्यचिकित्सकांचा. गाठ काढता येण्याजोगी आहे, रुग्ण धडधाकट आहे, तर सुई कशाला? जिस्टचं वेष्टन फाटलं तर पेशी पोटात सांडतात, ग्लोमस असेल तर रक्तस्राव होतो, छोट्या गाठीत सुईला पुरेसा तुकडाही मिळत नाही. मग तीच तपासणी दोनदा. निदान काहीही आलं तरी तीन-चार सेंटिमीटरची वाढती गाठ काढायचीच असेल तर थेट काढावी, असं त्यांचं म्हणणं. या युक्तिवादात तथ्य आहे. मात्र ‘बायोप्सी केली की गाठ पसरते’ या सर्रास ऐकू येणाऱ्या समजुतीला तो आधार देत नाही. आतून, जठराच्या पोकळीतून घेतलेल्या सुईमुळे गाठ पसरल्याची उदाहरणं अतिशय विरळ आहेत.

पॅथॉलॉजिस्टचं काम इथून सुरू होतं. काढलेली गाठ मधोमध चिरली की पहिला अंदाज नुसत्या डोळ्यांनी येतो. लायोमायोमा पांढरट, रबरी, आत तंतूंची वलयं. श्वानोमा पिवळसर, कडेनं लिम्फोसाइट पेशींची रांग. ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. मोठ्या जिस्टमध्ये मध्येच रक्त साकळलेलं, मऊ पडलेलं. मग रंजकांची मालिका : सीडी-११७ आणि डॉग-१ लागले तर जिस्ट, एस-१०० लागलं तर श्वानोमा, डेस्मिन लागलं तर लायोमायोमा. ही मालिका न करता ‘स्पिंडल सेल ट्यूमर, सौम्य’ एवढाच अहवाल आला असेल, तर निदान अर्धंच झालं आहे.

काढायची की ठेवायची?

लायपोमा, लायोमायोमा, श्वानोमा, ग्लोमस, स्वादुपिंडाचा तुकडा असं निदान पक्कं असेल आणि काही त्रास नसेल, तर पुन्हा पुन्हा स्कोपसुद्धा नको, असं युरोपीय सूचना सांगतात. रक्तस्राव, अडथळा किंवा वाढ असेल तर शस्त्रक्रिया. यावर बऱ्यापैकी एकमत आहे. दोन सेंटिमीटरहून मोठी जिस्ट काढायची, यावरही.

मधला पट्टा वादाचा : दोन सेंटिमीटरच्या आतली, निदान पक्कं नसलेली किंवा छोटी जिस्ट ठरलेली गाठ. ‘ठेवा’ म्हणणाऱ्यांकडे भक्कम पुरावा आहे. जपानमध्ये २००६ साली कॅन्सरसाठी काढलेली १०० जठरं बारकाईनं तपासली, तर ३५ जणांत डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जिस्ट सापडल्या. जर्मनीत पन्नाशीपुढच्या व्यक्तींच्या शवविच्छेदनांत २० टक्क्यांहून अधिक जणांत त्या आढळल्या. एवढ्या लोकांना जिस्टचा कॅन्सर होत नाही. अर्थ उघड आहे : बहुतेक बारीक जिस्ट वाढतच नाहीत. म्हणून पहिला फेरस्कोप तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढं एक सेंटिमीटरच्या आतल्या गाठीला दोन-तीन वर्षांनी, तर एक ते दोन सेंटिमीटरच्या गाठीला वर्ष-दोन वर्षांनी, असं वेळापत्रक सुचवलं जातं.

‘काढा’ म्हणणारे सांगतात की जिस्टचा धोका आकार आणि पेशीविभाजनाचा वेग यांवर ठरतो, आणि दुसरी गोष्ट गाठ काढल्याशिवाय नीट मोजता येत नाही. शिवाय नजर ठेवणं म्हणजे आयुष्यभराचे स्कोप, खर्च आणि धाकधूक. युरोपीय सूचनांनीही छोट्या जिस्टसाठी काढणं हा पर्याय उघडा ठेवला आहे. भर म्हणजे कागदावर तिचं नाव बदललं आहे. २०२० पासूनच्या आंतरराष्ट्रीय संकेतांकांत जिस्टच्या ‘सौम्य’ आणि ‘अनिश्चित’ या पायऱ्या काढून टाकल्या गेल्या. नुसती नजर ठेवायची गाठ अहवालात कॅन्सर म्हणून येऊ शकते. रुग्णाला हे समजावणं सोपं नाही.

काढायची तर कशी?

जुनी पद्धत पोट उघडून. आजही मोठ्या, फुटू शकणाऱ्या गाठीसाठी ती योग्य आणि सुरक्षित आहे. तिला मागासलेली म्हणण्याचं कारण नाही. पण मुख्य प्रवाह दुर्बिणीच्या, म्हणजे लॅपरोस्कोपच्या, शस्त्रक्रियेकडे गेला. भारतात दुर्बिणीनं पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. लवकर कामावर परतावं लागणाऱ्या गरिबाला दुर्बिणीची गरज श्रीमंतापेक्षा जास्त आहे, हे ते सातत्यानं मांडत राहिले. जठराच्या गाठींबाबतही हे लागू पडतं.

जठराच्या पुढच्या भिंतीवरची तीन सेंटिमीटरची गाठ असेल तर काम असं चालतं. बेंबीपाशी आणि आसपास चार छिद्रं. एक डॉक्टर तोंडातून स्कोप घालून आतून उजेड दाखवतो, म्हणजे बाहेरून गाठीची हद्द कळते. गाठीला चिमटा लावायचा नाही. शेजारची भिंत उचलायची. मग स्टेपलर : एकाच वेळी कापणारं आणि दोन्ही कडांना बारीक टाके मारणारं यंत्र. पाचरीच्या आकाराचा तुकडा सुटतो, तो पिशवीत टाकून बाहेर काढायचा, म्हणजे वेष्टन फाटलं तरी पोटात काही सांडत नाही. शेवटी स्कोपमधून हवा भरून टाक्यांची कड तपासायची. जिस्टमध्ये लसीकाग्रंथी सहसा काढाव्या लागत नाहीत, कारण ती बहुधा त्या वाटेनं पसरत नाही.

अडचण येते ती जठराच्या दोन तोंडांशी. तिथं पाचर काढली तर वाट अरुंद होते. लायोमायोमा असेल तर भिंत न काढता फक्त गाठ सोलून काढता येते. इतर गाठींसाठी जपानच्या हिकी यांनी २००८ मध्ये वर्णन केलेली पद्धत आली : आतून स्कोपनं नेमका छेद, बाहेरून लॅपरोस्कोपनं शिवण. चीनमधल्या डॉक्टरांनी पुढचं पाऊल टाकलं. पोटाला एकही छेद न देता अस्तराखालून बोगदा करत किंवा भिंतीचा पूर्ण थर कापून, सगळं काम तोंडातून. व्रण नाही, दोन-तीन दिवसांत घरी. आक्षेप असा की यात गाठ तुकड्यांत निघू शकते, भिंतीला भोक पडतं आणि ते आतूनच बंद करावं लागतं. दहा-पंधरा वर्षांनंतर काय, हे दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवून तपासलेलं नाही. एन्डोस्कोपी करणारे आणि शल्यचिकित्सक यांच्यातला हा वाद ठिकठिकाणी कौशल्य कुणाच्या हातात आहे, यावर सुटतो. मला ते गैर वाटत नाही. अनुभवी हातानं पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया नवख्या हातानं तोंडातून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा बरी.

कर्जत-खालापूरची वाट

कर्जतला उपजिल्हा रुग्णालय, कशेळे आणि चौक इथं ग्रामीण रुग्णालयं, खोपोलीत खासगी दवाखाने. पुढच्या तपासण्यांसाठी जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग समुद्रकाठी आणि रेल्वे मुंबईकडे. सरकारी चिठ्ठी अलिबागची वाट दाखवते, पण लोकांचे पाय कर्जत लोकलकडे वळतात. त्या एकाच मध्य रेल्वेवर कळवा, शीव, परळ, भायखळा अशी मोठी सार्वजनिक रुग्णालयं ओळीनं लागतात. खालापूरकडच्यांना द्रुतगती मार्गानं कामोठे किंवा खारघरची रुग्णालयं जवळ. एन्डोसोनोग्राफी, रंजकांची मालिका आणि स्टेपलरची शस्त्रक्रिया या तिन्ही गोष्टी एका छताखाली मिळण्याची जागा म्हणजे यापैकीच एखादी.

पहिला धागा निसटतो तो इथंच, गावात. या गाठींचं सर्वांत महत्त्वाचं लक्षण दुखणं नव्हे. हळूहळू होणारा रक्तस्राव. शी डांबरासारखी काळी होते, अंगातलं रक्त उतरतं. पण ठाकूर-कातकरी वाड्यांवर आणि गावांतही बायकांचं हिमोग्लोबिन कमी असणं इतकं नेहमीचं आहे की लोहाच्या गोळ्या देऊन विषय मिटतो. आणि लोहाच्या गोळीनंही शी काळीच होते. म्हणून चाळिशीपुढचा पुरुष किंवा पाळी थांबलेली बाई यांचं रक्त सारखं उतरत असेल, तर स्कोप सांगायलाच हवा. यात वाद नाही, आळस मात्र असतो.

पैशाचं गणित वेगळंच आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी. शस्त्रक्रिया तिच्यात बसू शकते. पण तिथवर पोचायच्या आधीचे स्कोप, सीटी, एन्डोसोनोग्राफी, गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी बहुधा रुग्णाच्याच खिशातून जाते. साध्या गाठीचा खरा खर्च निदानात आहे.

‘ठेवा’ की ‘काढा’ हा प्रश्नही इथं वेगळा होतो. नजर ठेवण्याचं वेळापत्रक असं गृहीत धरतं की माणूस बोलावल्या महिन्यात येईल. वीटभट्टीवर जाणारं कातकरी कुटुंब दिवाळीनंतर गाव सोडतं आणि पावसाच्या तोंडावर परततं. अशा रुग्णाची दीड सेंटिमीटरची गाठ ठेवावी, की एकदाच काढून मोकळं व्हावं? मार्गदर्शक सूचना गाठीचा आकार विचारतात. रुग्णाचा पत्ता विचारत नाहीत. काही डॉक्टर म्हणतात, पाठपुरावा होणार नसेल तर काढणंच बरं. इतर बजावतात की दूर राहण्याच्या नावाखाली गरिबावर अनावश्यक शस्त्रक्रिया होऊ नयेत. भूल, गळती आणि रक्तस्राव यांचे धोके त्यालाही तेवढेच आहेत. दोन्ही भूमिका प्रामाणिक आहेत. माझा कल तुकडा घेऊन निदान पक्कं करण्याकडे आहे. लायोमायोमा किंवा श्वानोमा ठरली तर नजर ठेवायचीच गरज उरत नाही, आणि नेमका हाच लाभ दूरच्या रुग्णाला सर्वांत जास्त होतो.

जे सुटलेलं नाही

देशातल्या कॅन्सर नोंदण्या कॅन्सर मोजतात. बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून चालू आहे आणि मुंबईची त्याहून कितीतरी जुनी, पण साध्या गाठी त्यांच्या कक्षेत येत नाहीत. त्यामुळे महाराष्ट्रात जठरातल्या किती साध्या गाठी सापडतात, किती काढल्या जातात आणि किती उगाच काढल्या जातात, याचा लोकसंख्येवर आधारलेला हिशेब उभा राहत नाही. आपण ज्या आकड्यांवर चालतो ते स्वीडन, जपान, जर्मनीचे. स्कोप जिथं सर्रास होतो आणि जिथं रक्त उतरल्यावरच होतो, त्या दोन ठिकाणी सापडणाऱ्या गाठी सारख्या असतील असं मानायला आधार नाही. दोन सेंटिमीटरची सीमाही सोयीची आहे, निसर्गानं आखलेली नाही. आणि अनेक जिस्ट एकत्र असलेल्या तरुण मुलींतला एक वेगळा प्रकार आहे. त्यात किटचा बिघाड नसतो, इमॅटिनिबची गोळी फारशी चालत नाही, आणि किती जठर काढावं यावर तज्ज्ञांत अजून एकवाक्यता नाही.

तोवर रुग्णाच्या हातात काही साध्या गोष्टी आहेत. स्कोपचा रंगीत कागद आणि सीटीची सीडी फेकू नका. गाठ काढली असेल तर पॅथॉलॉजीकडून काचपट्ट्या आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या. दुसरं मत घ्यायचं झालं तर पोट पुन्हा उघडावं लागत नाही, ब्लॉक पुरतो. रंजकांची मालिका झाली का, हे स्पष्ट विचारा. आणि ‘सहा महिन्यांनी या’ असं सांगितलं, पण तुम्ही तेव्हा गावात नसणार असाल, तर तिथंच बोला आणि भट्टीवर जाण्याआधीची तारीख मागून घ्या. एवढ्या लहान गाठीला महिना-दीड महिना अलीकडे-पलीकडे झाल्यानं फरक पडत नाही. तारीखच चुकली तर पडू शकतो.